निवेदनातला माझा हात

निवेदन मीच लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर जास्त लाज वाटेल.

शिरूर कासारपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या गावात मराठी घेऊन एम.ए. झालेली सून मी एकटीच. त्या डिग्रीचा उपयोग आजवर विजेची डीपी जळाल्याचे अर्ज, वाढदिवसाच्या बॅनरचा मजकूर आणि सत्यनारायणाची निमंत्रणं एवढ्यासाठीच झाला. "वयनी, तुमच्यासारखं कुणाला जमत न्हाई," असं कुणी म्हटलं की माझ्या पेनाचं टोपण आपोआप निघतं.

भांडण होतं ते 'बारवेखालचं राज्य' या सहा पुस्तकांच्या मालिकेवरून. रेवू नावाची मुलगी गावाबाहेरच्या जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरते आणि दुसऱ्याच एका राज्यात पोचते. तिथली राणी लोकांच्या सावल्या काढून घेऊन रांजणात भरून ठेवते. शिवाय एक बोलणारं वटवाघूळ. शाळेच्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे अभिमन्यू सरांनी, सहाही भाग मागवून वर्गातल्या कपाटात ठेवले होते आणि पोरं त्यांच्यावर तुटून पडली होती. माझी संस्कृती, वय वर्षं नऊ, इयत्ता चौथी, त्यात इतकी बुडाली होती की वरणाचा घास तोंडाऐवजी हनुवटीला लागायचा.

मी लक्ष ठेवणारी आई आहे. नवऱ्याच्या मते मी कॅमेरा आहे, फक्त लाइट गेली तरी बंद न पडणारा. शाळेतून घरी यायला चार मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला मी फाटकात उभी असते. घरात थर्मामीटर दोन आहेत, कारण एकटा खोटं बोलू शकतो. एवढं असूनही जानेवारीतल्या एका रविवारी संस्कृती अकरा मिनिटं सापडली नाही. सापडली ती गावाबाहेरच्या बारवेत. खऱ्या बारवेत. पायरीवर उभी, आणि खाली हिरवंगार पाणी.

"सहा," ती मोठ्यानं म्हणाली. बहुतेक स्वतःलाच.

मी तिला दंडाला धरून वर आणलं. काय बोलले ते आठवत नाही. ती एवढंच म्हणाली, "अगं, रेवू इथूनच उतरते."

त्या संध्याकाळी मी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भला मोठा मेसेज टाकला आणि शेवटी रडणारी तीन तोंडं जोडली. पाव तासात विजयसिंहभाऊंचा फोन. ते शाळा समितीचे अध्यक्ष आहेत आणि आठवड्याला एक तरी निवेदन दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

"वयनी, हे गंभीर हाय. पोरं बारवेत उड्या मारायला लागली तर? पुस्तकं बंद झाली पायजेत. तुमी मजकूर करा, सह्या मी बघतो."

"पण भाऊ, मी ती वाचली नाहीत."

"मी तरी कुठं वाचलीत?" ते म्हणाले, आणि मला तेव्हा हे उत्तर पुरेसं वाटलं.

मी लिहिलं. 'सदर पुस्तकमालेमुळे कोवळ्या बालमनांवर विपरीत परिणाम होत असून भविष्यात अनर्थ घडल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी आपणावर राहील.' लिहून झाल्यावर मी ते स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं. छान वाटलं. ज्या घरात नवऱ्याचं नाव बिभीषण आणि चुलतसासऱ्यांचं नाव सुग्रीव, त्या घरात बसून मी राक्षसांच्या गोष्टींवर बंदी मागत होते, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

सह्यांसाठी मी आधी यास्मिनकडे गेले. यास्मिन माझी कॉलेजातली मैत्रीण. तिच्या नवऱ्याचा, कलीमभाईंचा, एसटी स्टँडजवळ फळांचा गाडा आहे आणि तिची मुलगी संस्कृतीच्याच वर्गात. यास्मिन माझ्यासाठी विषाच्या बाटलीवरही सही करेल अशी माझी खात्री होती.

तिनं कागद वाचला, परत दिला. "तू वाचलीस का पुस्तकं?"

"नाही."

"मी दोन वाचली. लई पकाऊ हायत. एक दार उघडायला वीस पानं! पण म्हणून बंद करा म्हणू का मी? मला तर तुझं पुरण पण आवडत न्हाई. बंद करायला लावलं का कधी?"

"पुरणाचं आत्ता सांगतेस?"

"बारा वर्षं सांगायचं होतं," ती म्हणाली आणि सही न करताच चहा ठेवला.

पुस्तकं न आवडलेली बाई सही करेना, आणि न वाचलेल्या दहा जणांनी दहा मिनिटांत सह्या केल्या. अकरावी माझी.

आता निवेदन म्हटलं की फोटो आला. आमच्याकडे कागद दिला आणि फोटो नाही काढला तर तो दिलाच नाही असं धरतात. देणाऱ्या प्रत्येकाचा हात कागदाला लागलेला हवा, घेणाऱ्यानं हसायला हवं, आणि सगळ्यांनी कागद सोडून मोबाइलकडे बघायला हवं. अभिमन्यू सर बिचारे स्वतःच मागवलेल्या पुस्तकांविरुद्धचं निवेदन हसत हसत घेत होते. विजयसिंहभाऊ ओरडत होते, "वयनी, पुढं या! मजकूर तुमचा हाय!" संस्कृतीला कळू नये म्हणून मी विजयसिंहभाऊंच्या रुंद पाठीमागे चेहरा लपवला. पण हात लावायलाच हवा होता. मी त्यांच्या बगलेखालून हात पुढे सरकवला आणि कागदाचा कोपरा धरला.

फोटो आधी ग्रुपवर आला, मग बीडच्या एका पेपरात आतल्या पानावर. सर धरून अकरा चेहरे, बारा हात. मी तो मोठा करून करून पाहिला. माझा चेहरा कुठेच नव्हता. मी स्वतःवर खूश झाले.

त्या दिवशी जेवताना संस्कृतीनं विचारलं, "आई, ज्यांनी ते लिहिलं त्यांनी पुस्तक वाचलं असेल का गं?"

"मोठी माणसं विचार करूनच लिहितात," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की अजूनही मला कुठेतरी तोंड खुपसावंसं वाटतं.

"सर म्हणाले, पंधरा दिवसांनी मीटिंग आहे. त्यात ठरलं तर पुस्तकं जाणार." ती भाताशी खेळत राहिली. "मग द्वारका आल्यावर तिला काय सांगायचं?"

द्वारका तिची बाकावरची मैत्रीण. आमच्या मागच्या गल्लीतल्या बायनाबाईंची मुलगी. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली ती चौथा भाग पिशवीत घेऊन. सरांनीच दिला होता, तिथं वाच म्हणून. वर्गात तिसऱ्यानंतर एकदम पाचवा उरला, तेव्हा या चिमुरड्यांनी आपसात ठरवलं: द्वारका परत येईपर्यंत पाचव्याला कुणी हात लावायचा नाही. तीन महिने कुणी लावला नव्हता. आमच्या गावात तीन महिने टिकलेला एवढा एकच ठराव मला माहीत आहे, आणि त्याच्या विरोधात निवेदन मी लिहिलं होतं.

त्या दिवसापासून संस्कृती घरात पुस्तकांबद्दल एक शब्द बोलेना. मला वाटलं, सुटली एकदाची सवय.

दोन दिवसांनी विजयसिंहभाऊंचा फोन. "वयनी, सर लई हुशार हायत. म्हणत्यात, आक्षेपार्ह काय ते पान नंबरासहित द्या. तुमी तेवढं काढा. मीटिंगीत मी वाचून दावतो."

म्हणजे आता वाचणं आलं. सरांनी पहिले तीन भाग पिशवीत घालून दिले. घरी वाचायची सोय नव्हती, म्हणून मी ते नवऱ्याच्या कृषी सेवा केंद्रात नेले. दुपारी बिभीषण जेवायला गेले की गल्ल्यावर मी बसते. स्टॉक रजिस्टरच्या आत पुस्तक आणि शेजारी वही पेन्सिल. वहीवर ठळक अक्षरांत लिहिलं: 'आक्षेपार्ह मजकूर.'

पान नऊ: मुलगी आईशी खोटं बोलते. लिहिलं. पान चौदा: मोठ्यांना उलट उत्तर. लिहिलं. पान एकवीस: वटवाघूळ रेवूला बारवेचा नियम सांगतं. सहाव्या पायरीपर्यंत कुणीही यावं. सातवीवर एकट्यानं पाय ठेवायचा नाही. ठेवला तर राज्याचं दार कायमचं बंद.

मी पेन्सिल खाली ठेवली.

सहा, असं म्हणून ती थांबली होती. पाणी अजून आठ पायऱ्या खाली होतं. बारवेकडे जाऊ नकोस, हे मी तिला पाच वर्षं दिवसातून दोनदा सांगत आले आणि ती गेलीच. वटवाघळानं एकदाच सांगितलं आणि ती सहाव्या पायरीवर थांबली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. एक माणूस हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं औषध मागायला आला. "दोन मिनिटं थांबा," मी म्हणाले, "राणी रांजण उघडतीय." तो थांबला. पाच मिनिटांनी त्यानं विचारलं, "उघडला का?" मी सांगितलं. "मग?" तो म्हणाला. त्याला पहिल्या भागाचा शेवट सांगूनच औषध दिलं.

पाच दिवसांत तीन भाग संपले. तिसऱ्याच्या शेवटी रेवूची स्वतःची सावलीच राणी काढून घेते आणि वर जायच्या पायऱ्या एकेक करून नाहीशा होतात. पुढे चौथा भाग. आणि चौथा भाग इथून दीडदोनशे किलोमीटरवर, उसाच्या फडात.

पाचवा वाचावा का? कपाटात होता. पण नऊ वर्षांच्या पोरांनी पाळलेला ठराव मोडायला मला लाज वाटली. एवढी लाज शिल्लक होती.

बायनाबाई जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवून जातात. त्यामुळे त्यांना फोन करायला माझ्याकडे निमित्त होतं. रविवारी दुपारी केला.

"बायनाबाई, घर ठीक आहे बरं का. काल कुलूप बघून आले."

"परवा बी सांगितलं की तुमी, वयनी." त्यांचा आवाज दचकलेला. "काय झालंय का? खरं सांगा."

"काही नाही हो. ते... द्वारकाकडे ते पुस्तक आहे ना शाळेचं? चौथं?"

"हाय, हाय! पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठिवलंय. मळलं न्हाई की फाटलं न्हाई. सरांनी मागितलं का? अगं द्वारके, तुला म्हनलं न्हवतं का—"

"नाही, नाही! कुणी मागितलं नाही. मला फक्त एवढंच..." मी दुकानाच्या दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. "रेवू वर येते का हो?"

बायनाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला.

"तुमी बी का? आवं, आमच्या पाचटाच्या कोपीत रोज दिवेलागणीला सात जन बसत्यात ऐकत. पोर वाचती, मी भाकरी करती. मुकादम येतोय ऐकायला. त्यो म्हनतो राणीचं बरुबर हाय, यवढं राज्य चालवायचं म्हंजी धाक पायजे. आमचं मालक म्हनत्यात वटवाघूळ फितूर हाय."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला एकच सांगा, वयनी. तीन दिस झालं त्ये लेकरू खाली फिरायलंय. पळती काय, लढती काय. पन जेवती कवा? जेवन काय कुनी लिहिलंच न्हाई! लिहिनाऱ्यानं कवा सैपाक केल्याला दिसत न्हाई."

एम.ए.ला मी दोन वर्षं समीक्षा शिकले. इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मला अर्ध्या पुस्तकापर्यंत सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, संस्कृतीला जे माहीत नाही ते मी चोरून ऐकलं होतं. गुन्हे आता दोन झाले.

मीटिंगचा दिवस सोमवार. सकाळी मी संस्कृतीच्या वेण्या घालून दिल्या. वही पिशवीत टाकली. रात्रीपासून ठरवत होते की आजारी पडावं, पण दोन्ही थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच दाखवत होते. नवरा म्हणाला, "सरळ सांगून टाक की चुकलं म्हणून."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. पोरगी काय म्हणंल ते बघ," बिभीषण म्हणाले आणि दुकानाला गेले.

संस्कृती दप्तर घेऊन दारात उभी होती. बूट घालताना खाली बघत म्हणाली, "आई, आज हातातलं रबर काढून जा. फोटो काढतील."

माझ्या मनगटावर तिचं केसांचं लाल रबर असतं, वर प्लास्टिकची स्ट्रॉबेरी असलेलं. शाळेत एक हरवलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून मी ते तीन वर्षं घालून फिरतेय. मला ते दिसतही नाही आता. त्या फोटोत, विजयसिंहभाऊंच्या बगलेखालून आलेल्या बिनचेहऱ्याच्या हातावर, ती स्ट्रॉबेरी टॉर्चसारखी चमकत होती.

मी काही बोलायच्या आत ती फाटकाबाहेर गेली होती. पंधरा दिवस तिला माहीत होतं. पंधरा दिवस ती माझ्या हातचं मुकाट्यानं जेवत होती.

मीटिंग चौथीच्या वर्गात होती, म्हणून पोरांना बाहेर बसवलं होतं. साहजिकच खिडकीच्या प्रत्येक गजात एक नाक होतं. मी मधल्या बाकावर. यास्मिन शेजारी बसली आणि कानात म्हणाली, "चेहरा असा काय? पुरण लागलं का बुडाला?"

विजयसिंहभाऊ उभे राहिले, घसा साफ केला. "आमच्या वयनींनी लई मेहनत घेऊन, पान नंबरासहित, पुरावे काढल्यात." आणि मी 'भाऊ, थांबा' म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या पुढ्यातली वही उचलली.

"पान नऊ. मुलगी आईशी खोटं बोलते. ऐका! पान चौदा. मोठ्यांना उलट उत्तर. ऐका! पान एकवीस..." ते अडखळले. "पान एकवीस. सहाव्या पायरीवर थांबली, माझी गुणाची बाय ती." त्यांनी पान उलटलं. "पान एकोणचाळीस. वटवाघळावर विश्वास ठेवू नकोस गं. पान अठ्ठ्याऐंशी. इथं रडू आलं." आवाज बारीक होत गेला. "पान एकशे दोन. इथं परत रडू आलं. गिऱ्हाइकासमोर."

यास्मिननं ओढणी तोंडात कोंबली होती. पण पहिलं हसू खिडकीतून आलं, मग सगळा वर्ग हसायला लागला. अभिमन्यू सर तेवढे हसत नव्हते. ते खूप कष्टानं छताकडे बघत होते.

"वयनी," विजयसिंहभाऊ कळवळून म्हणाले, "मग पुस्तकं ठिवायची का काढायची? एक काय ते सांगा."

मी उठले. खिडकीत संस्कृती कुठली ते मला लगेच कळलं. ती एकटी हसत नव्हती.

"निवेदन मी लिहिलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच थर्मामीटरच्या बीपसारखा वाटला. "न वाचता लिहिलं. घाबरले होते. पुस्तकाला नाही, बारवेला घाबरले होते. बारवेला निवेदन देता येत नाही, म्हणून पुस्तकांविरुद्ध दिलं. ते मी मागं घेते."

"आवं पण फोटो छापून आलाय!" भाऊ खरोखर हवालदिल झाले होते.

"मग दुसरा काढा," यास्मिन बसल्या जागेवरून म्हणाली. "बारवेला लोखंडी दार बसवा म्हणून ग्रामपंचायतीला निवेदन द्या. त्याच्यावर मी पण सही करते. बारव मी बघितलीय."

विजयसिंहभाऊंचा चेहरा उजळला. एकाच विषयावर दोन निवेदनं देता येतात, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पुस्तकं कपाटात राहिली. मी तिथंच बसून नवा मजकूर लिहिला. यावेळी 'बालमन' हा शब्द आला नाही. फोटोच्या वेळी भाऊ म्हणाले, "वयनी, पुढं या," तेव्हा मी गेले. चेहरा पुढे, हात पुढे, स्ट्रॉबेरी पुढे.

घरी आल्यावर वाटलं होतं, संस्कृती गळ्यात पडेल. कसली पडतेय. तिनं दप्तर ठेवलं, अभ्यासाला बसली. मी पोह्यांत शेंगदाणे जास्त टाकले. तिनं ते वेचून बाजूला काढून ठेवले. "चुकलं माझं," मी म्हणाले. "हं," ती म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीच्या 'हं'मध्ये एवढी जागा असते, हे कुठल्याच पालकत्वाच्या लेखात दिलेलं नाही.

मग मी जे घरात कधीच करत नाही ते केलं. मोबाइल तिच्या पुढ्यात ठेवला, बायनाबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आमच्याकडे मोबाइल दिवसाला दहा मिनिटं, हा नियम आहे. घड्याळ मी पालथं घातलं.

"बायनाबाई, द्वारका आज वाचणार आहे का? आम्हाला पण ऐकायचंय. संस्कृतीला पहिल्यापासून."

पलीकडून गलका आला. भांड्यांचे, कुणाच्या खोकल्याचे आवाज, आणि मग द्वारका. "संस्कृते! पाचवं न्हाई ना उघडलं?"

"न्हाई उघडलं!" माझी शुद्ध बोलणारी मुलगी ओरडली.

"मग ऐक."

द्वारका वाचायला लागली. तिचा आवाज शाळेतल्यापेक्षा मोठा झाला होता. संस्कृती माझ्यापासून चार फरशा लांब बसली होती. पहिलं पान संपेपर्यंत तीन झाल्या. रेवूनं अंधारात हातानं पायरी चाचपली, तशा दोन. पुढे काय होतं ते मला माहीत होतं. मी ओठ घट्ट दाबून धरले होते, तरी रेवू पाण्याच्या काठाशी गेली तेव्हा तोंडून निघालंच, "अगं, एकटी नको जाऊस!"

"आई, शू!" संस्कृतीनं माझा हात दाबला. मग मनगटावरचं रबर काढून घेतलं आणि सुटलेली वेणी बांधली. हात मात्र सोडला नाही.

द्वारका श्वास घ्यायला थांबली. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या बायनाबाईंचा आवाज आला.

"ते राहू दे गं. जेवली का ती?"

"न्हाई, मावशी," संस्कृती म्हणाली. "अजून न्हाई."

आणि मग, मान वळवून, मला: "आपण पण नाही."